भुऱ्या पत्त्याची बिडी

माहं माहेर रामाकोन्याच्या पलीकडं. गावाचं नाव सांगून काय करता गुर्जी, वीस-पंचवीस घरं होती, तुमच्या नकाशात बी सापडनार नाही. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत ओलिताले जाये, माय कापूस वेचे, अन् आमी चार बहिनी, चारही काळ्या, त्यात मी सगळ्यात काळी. माय म्हने, इले पाहून तवा बी लाजन. हसा, हसा, आता मीबी हसतो, तेव्हा रडत होती. तीन जागचे पावने मले पाहून गेले, पोहे खाल्ले, चहा पेले, कळवतो म्हनून जे गेले ते गेलेच.

चौथ्या खेपेले सौसरचे आले. मामीजी, म्हंजे माही सासू, आमच्याकडं सासूले मामीजी म्हनतेत, ते अन् तिचा पोरगा, दोघंच. मामीजीनं माहं तोंड पाह्यलंच नाही. म्हने, हात दाखव वं पोरी. मले वाटलं रेषा पाहते काय. पन तिनं बोटं दाबून पाह्यली, एकएक पेर पाह्यलं, बोटं मागं वाकवून पाह्यली, अन् पोराले म्हने, बोटं लांब हायेत, नरम हायेत, बिडीले चालन. अवं माय, मले लै राग आला. बैल घेऊन राहिली का सून करून राहिली? अन् पोरगा काय म्हने ठाऊक हाये? म्हने, माय, तुले बोटं पसंत हायेत, मले बाकीची पसंत हाये. सगळ्याइच्या समोर! माह्या बापानं मान खाली घातली अन् मी आत पळाली. असा मानूस तो. आता मी त्याले बुढा म्हनतो, तोंडावर म्हनतो, तेव्हा त्याच्याकडं पाह्याची बी हिंमत नव्हती.

तं बिडीचं सांगत होती. तुमी इचारलं ना, लोकाइले भुऱ्या पानाची बिडी काऊन आवडते म्हनून, ते सांगतो, पन सुरुवातीपासून सांगू द्या, मले मधातून सांगता येत नाही. मधातून सांगितलं का माहा धागा तुटते.

लग्न झालं अन् पयल्याच उन्हाळ्यात मामीजीनं मले जंगलात नेलं, तेंदूपत्ता तोडाले. तेंदू म्हंजे आपलं टेंभुर्नीचं झाड, बिडीले त्याचंच पान लागते. पहाटे निघायचं, ऊन चढाच्या आत तोडायचं, घरी आनून सावलीत बसून पन्नास-पन्नास पानाची गड्डी बांधायची, अन् मंग फडावर न्यायची. फड म्हंजे गावाबाहेरचं उघडं मैदान, तिथं मुन्शी गड्ड्या घेई अन् ओळीनं उन्हात मांडाले लावे. तिथंच मामीजीनं मले शिकवलं. म्हने, पोरी, पानाले ऊन दोन्हीकून सारखं लागलं पायजे. एकाच बाजूनं लागलं त अर्धं भुरं, अर्धं काळं. अन् मधातच अवकाळी पानी आलं त खेळ खतम, डाग पडतेत, पान काळं होते. भुरं पान कसं असते सांगू तुमाले? गव्हाच्या पोळीचा वरचा पदर असते ना, पातळ, जरासा लालसर, तसं. शीर बारीक. हातात धरलं का लवते, कडकड करत नाही. ते बरड जमिनीवरच्या झाडाचं जास्त निघते. मी त पयल्या दिवशी सगळेच पानं सारखे समजत होती. मामीजी म्हने, हे पाह्य, अन् एक पान सूर्याकडं धरलं. त्याच्यातून तिचं बोट दिसत होतं. म्हने, असं दिसलं का समजायचं, हे वरचं.

वरचं म्हंजे काय ते आइका. सट्टेदार, म्हंजे कारखान्याचा मानूस, तो आमाले पत्ता, तंबाखूचा जर्दा अन् सूत देऊन जाये, आमी बिड्या वळून त्याले देवो. संध्याकाळी पत्ता भिजवायचा, ओल्या बोऱ्यात गुंडाळून ठेवायचा, सकाळी मापाचा पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीनं कापायचा, मंग मांडीवर सूप घेऊन बसायचं, चिमटीनं जर्दा घालायचा, वळायचं, सूत बांधायचं, अन् नखानं वरचं तोंड दुमडून बंद करायचं. मंग पंचवीस-पंचवीस बिड्याइचा कट्टा बांधायचा. तर कट्टा बांधताना रीत अशी का बाहेरच्या फेरात सगळ्या भुऱ्या बिड्या, अन् पोटात काळ्या-डागाच्या. गिऱ्हाईक बाहेरूनच पाहते ना. सगळ्या भुऱ्या कुठून आनान? शंभर पानात वीस-पंचवीस भुरी निघाली त देव पावला समजा. म्हनून भुरं पान घरात कोनी वापरे नाही. घरच्या मानसाइले छाट. सट्टेदार ज्या बिड्या नापास करून फेके ना, वाकड्या, फाटल्या, काळ्या, त्या घरचे पेयेत. माहे सासरे बी छाट पेऊनच गेले, बुढाबी छाटच पेये. मामीजी म्हने, न्हाव्याच्या घरी केस वाढले अन् बिडीवालीच्या घरी छाट, हे चालाचंच.

आता लोकाइचं. सौसरच्या बसस्टँडवर एक पानठेला होता, त्याचा मालक कट्टे असे मांडे का सकाळचं ऊन बरोबर त्याइच्यावर पडन. गिऱ्हाईक ये, कट्टा उचले, फिरवून पाहे, नाकाले लावे, तोंडाकून एक बिडी दाबून पाहे, कानाजवळ धरून फिरवे, आवाज आइके. बायको पाहाले गेलेले बी इतकं पाहत नाहीत. अन् भुरी दिसली का खुश. म्हने, भुरी बिडी गळ्याले लागत नाही. भुरी बिडी बरोबर जळते, मधात विझत नाही. भुरी बिडी हलकी असते, छातीत बसत नाही. एक पाटील होते, मोठे बागवाले, त्याइचा गडी कट्टा घ्याले ये, अन् आत जास्त काळ्या निघाल्या का पाटील अख्खा कट्टा परत पाठवेत, म्हनेत, मी काय मजूर हाये काय काळी बिडी प्याले? मी मनात म्हनो, वा रे दुनिया, बायको भुरी पायजे, बिडीबी भुरी पायजे, अन् वळनारीचे हात मात्र काळे! पन खरं सांगू? मीबी तेच समजत होती. भुरी हलकी. इतके लोक म्हनतेत त खोटं कसं असन? मी त कधी बिडी ओठाले लावली नाही, मले काय माहित. वळनारीले चव माहित नसते गुर्जी. आमी रंगच पाहतो.

मामीजी गेली. पोरगी झाली, सुनंदा, मोठी झाली, तिचं लग्न पांढुर्न्याले लावून दिलं. बुढा संत्र्याच्या मंडीत पेट्या भरे. संत्रं हातात घेतलं का सांगे, हे चार दिवस टिकन, हे आजच खाऊन टाका. लाकडाच्या पेटीत धानाचं वाळलं तनस टाकून थरावर थर असे लावे का दिल्लीले जाऊन उघडली तरी एक संत्रं दबलेलं नसे. हातात हुनर होता. अन् दोन पेट्याइच्या मधात एक बिडी. छाट.

मंग खोकला सुरू झाला. पयले थंडीतला म्हनलं, मंग तनसाची धूळ म्हनलं, मंग उन्हाळा आला तरी खोकला जाईना. सौसरच्या दवाखान्यात नेलं. तिथले डाक्टर म्हने, बाबा, बिडी बंद. एकदम बंद. बुढा घरी आला, चुलीजवळ बसला, म्हने, केली बंद. आठ दिवस केली, खोटं नाही सांगत. बडीसोप खाल्ली, कडुलिंबाची काडी चावली, लवंग धरली तोंडात. पन घरात राहनं मुश्किल झालं. भाजीत मीठ कमी त ताट सरकवे, जास्त त बी सरकवे. कुत्रं भुंकलं तरी मले बोले. मंडीत पेटी भरताना संत्रे दाबून राहिला म्हने, मालकानं हटकलं. नवव्या दिवशी मी पाह्यलं, मागच्या बाजूले भिंतीले टेकून बसला अन् डोळ्यात पानी. एवढा मोठा मानूस. म्हने, गिरजे, माह्यानं होत नाही वं.

मले त्याचा असा कळवळा आला, काय सांगू तुमाले. अन् तिथंच माही अक्कल चालली. म्हनलं, डाक्टरले काय माहित बिडीतली बिडी, तो त सगळ्या सारख्याच समजते. अरे, हा जलमभर छाट पेऊन राहिला, काळी, जाड पानाची, म्हनून त छाती खराब झाली. याले भुरी देऊ. हलकी. पाटलावानी. पाटील नव्वदीचे झाले होते अन् काठी न घेता फिरत होते, मंग मले आखीन काय पुरावा पायजे?

त्या दिवसापासून मी रोज पत्ता कापाच्या पयले गड्डीतून याच्यासाठी पान निवडो. भुऱ्यातलं भुरं. एकएक पान दाराच्या उजेडात धरो, डाग हाये काय, शीर जाड हाये काय, कुठं भोक हाये काय. पाव घंटा, अर्धा घंटा जाये त्यात. सहा पानं. सहाच बिड्या दिवसाच्या, अशी शर्त घातली मी. त्या बी मन लावून वळो, जसं देवाले वाती वळाव्या. तो समोर खाटेवर बसून पाहत राहे. म्हने, हे घे, हे त फाटलं वाटते. मी म्हनो, तुले काय समजते, चूप राहा. अन् तो हसे. सट्टेदार बोंबलाले लागला, म्हने, गिरजाबाई, तुमच्या कट्ट्याचा बाहेरचा फेर काळा येऊन राहिला, भुरा पत्ता जाते कुठं? मी म्हनलं, बोऱ्यातच कमी येते त मी का रंग लावू? भांडली त्याच्यासंगं. चोरीच होती ते एक परकारची, पन मले कधी चोरी वाटली नाही. जामसावळीच्या मारुतीचं तीर्थ आनून पाजो अन् वरून भुरी बिडी देवो. दोन्ही औषधच.

अन् बुढा मंडीत सांगत फिरे. म्हने, माह्या बायकोच्या हातची भुरी पेतो, मले काय होते! मोहल्ल्यातल्या बाया मले इचाराले लागल्या, गिरजाबाई, कसं पान घ्याचं, आमच्या घरीबी खोकते. मी सगळ्याइले शिकवलं. डाक्टरीन बनली होती मी. आता आठवलं का अंगाले घाम सुटते.

असे किती वर्सं गेले, सहा-सात गेले असन. खोकला कमी झाला काय? झाला नाही. पन मी म्हनो, छाट पेत असता त आजपर्यंत गेला असता. मानूस आपल्या मनाले काय काय समजावते पाहा. मंग एका दिवशी मंडीतून घरी येताना आमच्या मोहल्ल्याचा चढ हाये ना, आता तुमी चढून आले तो, त्याच्यावर तीनदा बसला. तिसऱ्यांदा उठलाच नाही. लोकाइनं उचलून आनला. ओठ निळे. छाती अशी वरखाली अन् आवाज जसा लोहाराचा भाता. सुनंदा पांढुर्न्याहून धावत आली, तशीच आमी गाडी करून नागपूरले नेला.

तिथं एक डाक्टरीन बाई होती, पोरगीच, आमच्या सुनंदापेक्षा लहान असन. चार दिवस नळ्या लावून ठेवल्या, जीव वाचला. पाचव्या दिवशी तिनं छातीचा फोटो पाह्यला अन् आमच्या खाटेजवळ आली. म्हने, बाबा, बिडी पिता? मी म्हनलं, पेतेत मॅडम, पन साधी नाही पेत, भुऱ्या पानाची पेतेत, मी सोता निवडून देतो, दिवसाच्या सहाच. मी अशा थाटात सांगितलं गुर्जी, जसं का मी त्याले बदाम खाऊ घालून राहिली. ते हसली नाही. हसली असती त बरं झालं असतं. म्हने, आहे का एखादी? मी पिशवीतून काढून दिली, येताना घाईघाईत बी मी त्याच्या बिड्या घ्याले भुलली नव्हती. तिनं ते खिडकीच्या उजेडात धरली. म्हने, पान खरंच सुंदर आहे हो, आजी. मले बरं वाटलं, म्हनलं, शिकलेल्या बाईले समजलं.

मंग तिनं सूत सोडलं, पान उलगडलं, अन् जर्दा एका कागदावर झटकला. पान इकडं, जर्दा तिकडं. म्हने, आजी, काळ्या पानाच्या बिडीत काय भरता? मी म्हनलं, जर्दा. कोणता? मी म्हनलं, हाच. किती? मी म्हनलं, एवढाच. तिनं तो कागद माह्यासमोर सरकवला, अन् तेवढ्यात माह्या डोक्यात उजेड पडला. चाळीस-पन्नास वर्सं मी याच चिमटीनं जर्दा भरून राहिली, भुऱ्यात बी तोच, काळ्यात बी तोच, अन् मले कधी सुचलं नाही! जगाले सांगत होती हलकी, हलकी. अवं हलकी कशानं? डाक्टरीन बाईनं माहा हात धरला. म्हने, आजी, पानाचाही धूरच होतो, रंगाचं काही नाही. फुफ्फुस गेलं ते परत येत नाही, राहिलं आहे तेवढं सांभाळा. आता एकही नाही. मी म्हनलं, एकही नाही.

घरी आलो. मी म्हनलं, मी देनार नाही. बुढा म्हने, दोन दे. मी म्हनलं, नाही. म्हने, एक. मी म्हनलं, अर्धी बी नाही. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी खाटेवर उठून बसला अन् म्हने, मी त सोडून देल्ली होती ना आठ दिवस? तूच आनून देल्ली. तूच देत होती अन् आता तूच हात आखडून राहिली. दम लागला त्याले एवढं बोलता बोलता. खरं बोलला तो. त्याच्यानंतर त्यानं माह्यासंगं बोलनं टाकलं. जेवाले दिलं त जेवे, गोळी दिली त घे, पन बोले नाही. अन् मी त्याच्या समोर सूप घेऊन बसो कशी? उपाशी मानसाच्या समोर बसून लाडू वळाचे काय? म्हनून मी शेजारनीच्या आंगनात निंबाखाली जाऊन वळाले लागली. बिडी वळनं सोडता येत नव्हतं, त्याची मंडी बंद झाली होती, चूल माह्याच हातावर होती.

महिना-दीड महिना झाला असन. एका सकाळी त्याचा सदरा धुवाले घेतला, खिसा उलटा केला, त तीन बिड्या. माहं डोकंच फिरलं. शेजारच्या पोट्ट्याले पाठवून ठेल्यावरून आनल्या असन. चुलीत टाकाले गेली, अन् हात थांबला. माह्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपनीच विळ्यानं गेलं, म्हनून मी तोंड बंद करताना डाव्या हाताच्या नखानं दाबतो, माही घडी उलटी पडते. सौसर-लोधीखेड्यात अशी घडी दुसऱ्या कोनाची नाही. त्या तिन्ही बिड्या माह्या होत्या. आमच्याकडून सट्टेदार नेते, कारखान्यात शेकतेत, लेबल लागते, अन् परत आमच्याच बसस्टँडवर येते माल. म्हंजे एका हातानं मी त्याले नाही म्हनून राहिली अन् दुसऱ्या हातानं पाठवून राहिली. तिथंच मोरीजवळ बसली मी, सदरा पान्यात तसाच. लै रडली. मले वाटलं, आता याले मीच मारीन, अन् मले समजनार बी नाही कोन्या दिवशीच्या बिडीनं मारलं.

मंग उठली, तोंड धुतलं, त्या तीन बिड्या त्याच्या हातावर ठेवल्या. म्हनलं, घे, पे माह्या समोर. पन पयले माहं आइक. मी तुले भुरी देत होती ते औषध समजून देत होती. मले वाटे भुरी हलकी असते. मी चुकली, सात वर्सं चुकली. तुह्या छातीची माती मी केली. तुले मले मारायचं त मार, शिव्या द्यायच्या त दे, पन बोल.

त्यानं बिड्या बाजूले खाटेवर ठेवल्या. मंग म्हने, येडी हायेस तू. म्हने, मले माहित होतं.

मी म्हनलं, काय माहित होतं?

म्हने, का भुरी अन् काळी सारखीच. म्हने, पेनाऱ्याले माहित नसन काय? मी छाट पेलो, भुरी पेलो, धूर सारखाच लागते. लोक म्हनतेत, म्हनू दे, त्याइले कट्टा पाहून खुश व्हाचं असते.

माहा असा संताप झाला! म्हनलं, माहित होतं त बोलला काऊन नाही रे बुढ्या? सात वर्सं मले उल्लू बनवलं? सट्टेदारासंगं भांडन केलं मी तुह्यासाठी! तो खोकला, पानी पेला, अन् मंग हळूच म्हने, तू रोज सकाळी दारात बसून माह्यासाठी पान निवडे. एकएक उजेडात धरून. दुसऱ्या कोनासाठी नाही, माह्यासाठी. गिरजे, जलमात माह्यासाठी कोनी काही निवडून नाही ठेवलं. घरात छाट, मंडीतून आनलेलं संत्रं बी छाट. मी बोललो असतो त तू निवडनं बंद केलं असतं. बिडी त मी कुठंबी पेलो असतो.

इतकी वर्सं संसार केला, भाकर दिली, पोरगी वाढवली, पन दिवसातून पाव घंटा त्याच्याकडं पाहून बसली असन असं आठवेना. हात सदा सुपात. बोलनं बी सुपाकडं पाहूनच. त्या निवडायच्या वेळीच काय ते मी त्याची होती.

मी म्हनलं, सोडशीन? म्हने, सोडतो. पन जेवढा वेळ पानं निवडाले बसत होती तेवढा वेळ माह्याजवळ बसत जा. काहीच करू नोको. नुसती बस.

गुर्जी, तुमाले हसू येईन, पन रिकाम्या हातानं बसनं मले येत नव्हतं. पयल्या दिवशी बसली त बोटं आपोआप चालत होती, पदराचं टोक वळून राहिली. बुढ्यानं हात धरून ठेवला तेव्हा थांबली. म्हातारपनी दिवसाढवळ्या हात धरून बसलेले, शेजारनी पाहून हसत होत्या, म्हनलं, हसा. आता सवय झाली. रोज संध्याकाळी सट्टेदाराले माल दिला का मी हात धुतो अन् खाटेजवळ बसतो. कधी तो मंडीच्या गोष्टी सांगते, कधी सुनंदाच्या लहानपनच्या. दम लागला त चूप राहते, मंग नुसता श्वास आइकत बसतो मी, किती लांब जाते, कुठं अटकते. साल होत आलं आता. मधात एकदा पेला, पोळ्याच्या दिवशी, अन् सोताच सांगितलं मले, पोट्ट्यावानी मान खाली घालून. डाक्टरीन बाई म्हने, छाती सुधारनार नाही, पन बिघडली बी नाही. आमाले तेवढं बस झालं.

ज्या बायाइले मी पान निवडनं शिकवलं होतं ना, त्या सगळ्याइच्या घरी जाऊन आली मी. म्हनलं, माहं चुकलं, रंगात काही नाही, बंदच करा. कोनी आइकलं, कोनी म्हने गिरजाबाई नागपूर पाहून आली अन् शहानी झाली. एकीचा मालक त मागच्याच साली गेला, तिले बी सांगितलं. ते दळन निवडत होती. म्हने, राहू दे वं बाई, तेवढी वर्सं त्याले चांगली बिडी त भेटली. मले तिच्यासमोर उभं राहवलं नाही.

अन् मी बिडी सोडली काय? नाही सोडली, खोटं काऊन सांगू. दुसरं काय येते मले? भुरी बाहेर, काळी आत, तसंच बांधतो अजूनबी. लोक तसंच पाहून घेतेत. कोनाचा तरी बुढा पेतच असन ते, हे आता समजते, अन् समजून बी वळावंच लागते. तुमी लिहून राहिले त हेबी लिहा, माह्या भलाईचं तेवढंच लिहू नका. अन् तुमच्या वरच्या खिशात कट्टा दिसून राहिला मले, मघापासून दिसून राहिला. मी तुमची माय नाही, जास्त बोलनार नाही. पन घरी कोनी असन तुमचं, जे तुमच्याकडं पाहते.

चला, चहा झाला तुमचा, आता उठा गुर्जी. सुखी राहा, लेकराबाळाइत राहा. राग नोको मानू, पन माही बसायची वेळ झाली. आतून तीनदा खोकलून राहिला तो, बोलावून राहिला मले.